कोपेस आणि निएवेस

टँगोतल्या जोड्यांमध्ये पहिलं नाव घ्यावं ते हुआन कार्लोस कोपेस (१९३१–२०२१) आणि मारिया निएवेस यांचं. ब्युनोस आयर्सच्या नाचघरांतला टँगो या दोघांनी रंगमंचावर नेला. जेमतेम चार पावलं मावतील एवढ्या टेबलावर ते नाचत. पाय एकमेकांत गुंतून सुटत, तोल मात्र ढळत नसे. पुढे संसार मोडला, तरी १९९७पर्यंत ते एकत्र नाचत राहिले. हे मला त्या टेबलापेक्षाही अवघड वाटतं.

'टँगो अर्जेंटिनो' हा कार्यक्रम १९८३मध्ये पॅरिसला आणि १९८५मध्ये ब्रॉडवेवर गाजला. या जोडीचा त्यात मोठा वाटा होता. त्यानंतर देशोदेशी टँगोचे वर्ग निघाले.

शिकवणीची सुरुवात साध्या चालण्यापासून होते. नेणाऱ्याने हाताने ढकलायचं नसतं, छातीच्या वळणावरूनच जोडीदाराला दिशा कळावी लागते. टँगोच्या मैफलीला 'मिलोंगा' म्हणतात. तिथे नाचायचं आमंत्रण नजरेनं दिलं जातं आणि सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात.

युनेस्कोच्या वारसायादीत टँगो २००९मध्ये आला. कोपेस-निएवेस यांच्यावरचा 'अवर लास्ट टँगो' हा माहितीपट २०१५चा.