समुपदेशकाला सांगितलं, जाहिरातदाराला कळलं

तुम्ही याआधी समुपदेशन घेतलंय का? मानसिक त्रासासाठी गोळ्या सुरू आहेत का? मरून गेलेलं बरं, असं वाटतं का? ‘बेटरहेल्प’ या अमेरिकी ऑनलाइन समुपदेशन सेवेत नाव नोंदवताना अशी लांबलचक प्रश्नावली भरावी लागे. ही माहिती तुमच्यात आणि समुपदेशकातच राहील, असा दिलासाही तिथंच दिलेला असे.

मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं वेगळंच चित्र मांडलं. आयोगाच्या तक्रारीनुसार, कंपनीनं ग्राहकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट, पिंटरेस्ट आणि क्रिटिओ यांना जाहिरातींसाठी पुरवली. २०१७मध्ये तर आजी-माजी ग्राहकांचे जवळपास २० लाख ईमेल पत्ते फेसबुकच्या हवाली झाले.

पत्ते उघडे पाठवले नव्हते. आधी त्यांचं अक्षर-अंकांच्या सांकेतिक मालिकेत रूपांतर केलं होतं. पण तेच सूत्र फेसबुकनं स्वतःकडच्या पत्त्यांना लावलं की मालिका जुळतात आणि माणूस ओळखता येतो.

आरोप मान्य न करता कंपनीनं ७८ लाख डॉलर भरण्याची तयारी दाखवली. जाहिरातींसाठी आरोग्यविषयक माहिती इतरांना देण्यावरही बंदी आली.

ग्राहकांनी माहिती स्वतःहून दिली होती, यात वाद नाही. पण ती उपचारासाठी दिली होती. शिवाय रात्री दोन वाजता घाबऱ्याघुबऱ्या मदत शोधणारा माणूस अटींची पानं वाचत बसत नाही. दिसेल तिथं ‘मान्य’ दाबतो.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ त्यापुढे जातो. संमती कोणत्या कारणासाठी हवी, ते स्पष्ट सांगायचं, त्यासाठी लागेल तेवढीच माहिती घ्यायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं ठेवायचं, असं तो सांगतो. संमतीचा मजकूर मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. मात्र मानसिक आजाराच्या माहितीसाठी त्यात वेगळा, अधिक कडक वर्ग नाही. तिला दुकानातल्या खरेदीच्या तपशिलाइतकंच संरक्षण आहे.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. संमतीच्या तरतुदींची तयारी करायला कंपन्यांना त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर ॲपवर प्रश्नावली भरण्याआधी निदान दोन गोष्टी पाहता येतात: माहिती आणखी कोणाकोणाला दिली जाते, आणि खातं बंद केल्यावर ती पुसली जाते का.