गोठ्यातला दिवा

गेल्या आगमनकाळात आम्ही चार दिवस मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, गंधवानी येथे मुक्कामास होतो. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. त्या शहरांतील काही घराण्यांत मराठी अद्याप कानी पडते. गंधवानीकडे मात्र भिल्ल व भिलाला समाजाची वस्ती, आणि बोली भिली व निमाडी. मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि अगत्य यांची तेथे वानवा नाही.

एका रात्री यजमानांच्या घरी जेवणे आटोपली होती. सातव्या इयत्तेतील त्यांची मुलगी कोपऱ्यात दिव्याखाली गणिते सोडवीत बसली होती. ओसरीवर टीव्ही चालू होता. पाहणारे कोणी नव्हते. इतक्यात यजमानांस वीजबिलाची आठवण झाली व ते म्हणाले, "पोरी, पुरे आता. दिवा मालव. वीज काही फुकट येत नाही." मुलगी निमूटपणे उठली. दिवा मालवला गेला. टीव्ही चालूच राहिला.

आम्ही पाहुणे, त्या वेळी काही बोललो नाही. परंतु झोप लवकर लागली नाही. मुलांस काटकसर शिकवा, असे आम्ही प्रवचनातून आईबापांस कितीदा सांगितले असेल! पण घरात काटकसरीची पहिली पाळी कोणावर येते, हा विचार आमच्या मनास कधी शिवला नव्हता. ती येते मुलीच्या वहीवर. ज्या घरात वडिलांचे बालपण चिमणीच्या उजेडात गेले, त्या घरात आता कोठे दिवा आला आहे. तो मालवणे म्हणजे बचत नव्हे.

सकाळी आम्ही त्या मुलीस मीटरपाशी नेले. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले म्हणजे एक युनिट वीज जळते, एवढेच तिला सांगितले व घरातील प्रत्येक वस्तूवर छापलेला आकडा वहीत उतरवून घेण्यास लावले. तिच्या अभ्यासाचा दिवा एलईडीचा, ९ वॅटचा. जुना पेटीसारखा टीव्ही ९० वॅटचा. बैलांच्या गोठ्यात तारेचा जुना पिवळा बल्ब, ६० वॅटचा, आणि तो रात्रभर जळणारा. पुढील हिशेब तिने स्वतःच केला. टीव्ही एक तास चालतो तेवढ्या विजेत तिचा दिवा दहा तास चालेल. गोठ्यातला बल्ब दहा तासांच्या एका रात्रीत जेवढे खातो, तेवढ्यात तिचा दिवा सहासष्ट तासांहून अधिक पुरेल. म्हणजे रोज तीन तास अभ्यास केला तरी तीन आठवडे! तिने वही वडिलांपुढे धरली. ते बराच वेळ पाहत राहिले, मग हसून म्हणाले, "म्हणजे बैल शिकताहेत आणि पोरगी अंधारात."

आईबापांनो, मुलांस बचत शिकवायची तर प्रथम त्यांच्या हाती मीटर द्या. दर रविवारी मिस्साहून परतल्यावर मुलाने आकडा टिपावा व मागील रविवारचा वजा करावा. आठवड्याचा खर्च कळतो. मग चोर कोण, हे ते स्वतः शोधून काढते. ज्या घरांत पाणी तापविण्याचा गिझर आहे, तेथे त्याकडे विशेष पाहावे. दोन हजार वॅटचा गिझर पाव तासात अर्धे युनिट घेतो. याउलट रिकामा चार्जर खुंटीवर राहिला म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घालण्याचे कारण नाही. तो काढावाच, पण त्याने बिल फारसे हलत नाही.

चुलीचेही तेच. डोंगराकडच्या गावांत सरपणाची मोळी बहुधा मुलीच्या डोक्यावर असते. डाळ सकाळीच भिजत घातली, भांड्यावर झाकण ठेवले, लाकूड बारीक फोडून व वाळवून घेतले, तर जळण कमी लागते आणि धूरही कमी होतो. ही कामे मुलगेही करू शकतात. त्यांनी ती करावी.

वीज येते कोठून, हेही मुलांस ठाऊक असावे. खंडव्याकडील संत सिंगाजी औष्णिक केंद्र २५२० मेगावॅटचे आहे व ते कोळशावर चालते. अशा केंद्रांत एका युनिटामागे सुमारे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. आणि पाण्याची वीज? गंधवानीच्या दक्षिणेस मनावर, त्यापलीकडे नर्मदा. सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६. सप्टेंबर २०१९ मध्ये ते धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले, तेव्हा याच धार जिल्ह्यातील निसरपूर व चिखलदा येथील घरांत पाणी शिरले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली त्यापूर्वीच पाण्याखाली गेले होते. कुणाची तरी चूल विझली, तेव्हा आपला दिवा लागला. हे मुलांस धाक दाखविण्याकरिता सांगू नये. पण लपवूही नये.

शेजारच्या खरगोन जिल्ह्यात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापकी केलेले चेतनसिंह सोळंकी यांचा क्रम आम्हांस मोलाचा वाटतो. २०१४ च्या सुमारास त्यांच्या योजनेतून मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान व ओडिशातील खेड्यांत शाळकरी मुलांस सवलतीच्या १२० रुपयांत सौर अभ्यासदिवे मिळू लागले. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये ते सौर ऊर्जेवर चालणारी बस घेऊन निघाले, आणि गावोगाव वीज कमी वापरा म्हणून सांगू लागले. आधी उजेड दिला, काटकसर मागाहून मागितली.

घरी परतल्यावर आम्ही हा सर्व वृत्तान्त धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठ्या ऐटीत सांगितला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालवण्याचाही उल्लेख केला आहे, हेही सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरील एक नऊ वर्षांचा मुलगा उठला. "फादर, तुमच्या बंगल्याच्या व्हरांड्यातला दिवा दुपारीसुद्धा चालू असतो." वर्गात हशा पिकला. आम्ही बाहेर जाऊन पाहिले. दिवा लागलेला होता. तो मालवून आम्ही परत आलो व त्या मुलाचे सर्वांसमक्ष आभार मानले. आता त्या व्हरांड्याची जबाबदारी त्याच्याकडे आहे, आणि तो ती निष्ठुरपणे पार पाडतो.

मागील महिन्यात गंधवानीहून निरोप आला. गोठ्यात ९ वॅटचा दिवा लागला आहे. मुलगी रात्री दहापर्यंत अभ्यास करते. टीव्ही मात्र अजून तसाच चालू असतो, म्हणे.