शिक्षकच कारभारी होते तेव्हा

खासगी महाविद्यालयाचं नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संस्थाचालकांची केबिन आणि बाहेर ताटकळलेले प्राध्यापक येतात. पुण्यात मात्र सुरुवात वेगळी झाली होती.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. तिथे शिकवणारे आजीव सभासदच कारभार पाहत. पगार मोजका, पण तो ठरवताना शिकवणाऱ्याला मत होतं.

मग सगळं गोडीगुलाबीनं चाललं का? छे! आजीव सभासदानं बाहेरची कामं करावीत का, बाहेर कमवावं का, यावर वाद पेटला. टिळकांचा आग्रह, सगळा वेळ संस्थेला द्या. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. दोघंही त्यागी माणसं, तरी एकत्र नांदली नाहीत.

यातून आम्ही एवढंच घेतो: त्यागाच्या भरवशावर संस्था चालत नाही, नियम आधी स्पष्ट लागतो.

आज तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक रोज वर्ग सांभाळतात, पण निर्णयाच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते. तरी आपण त्यांना सांगतो, ‘संस्था आपलीच आहे.’ आपली आहे ना? मग पगार कोणत्या तारखेला, काम किती, बाहेर शिकवलेलं चालेल का, हे नेमणुकीच्या दिवशीच लेखी द्या. बदल करायचा असेल तर आधी त्यांना बैठकीला बोलवा. वाद होतील, होऊ द्यात. समोरासमोर झालेला वाद निदान मिटवता तरी येतो.