दिव्याची किंमत आणि उजेडाचा भाव

घरात एलईडी दिवे लावावेत की नाहीत, हा वाद आता कोणी घालीत नाही. शहरातील दुकानात जुना तारेचा बल्ब मागितला तर दुकानदार वरच्या फळीवरून धूळ झटकून एखादा काढून देतो. खेड्यापाड्यांतून तो अजून मिळतो, परंतु तेथेही त्याची सद्दी संपत आली आहे. एखादा प्रश्न सुटला असे वाटू लागले की त्याविषयी लिहिणेही थांबते. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या दिव्याच्या कथेत दोन गोष्टी अजून विचार करण्याजोग्या वाटतात. इतका उघड फायद्याचा दिवा सामान्य घरात पोहोचावयास इतका वेळ का लागला, ही पहिली. आणि पोहोचल्यानंतर त्याचा ठरलेला लाभ त्या घराच्या पदरात पुरता पडतो आहे काय, ही दुसरी.

प्रथम साधा हिशेब मांडू. आपण दुकानातून दिवा आणतो, पण आपणांस हवा असतो तो उजेड. वॅट हे विजेच्या खपाचे माप. उजेडाचे माप ल्युमेन. साठ वॅटचा तारेचा बल्ब सातशेच्या आसपास ल्युमेन उजेड देतो आणि उरलेल्या विजेची निव्वळ उष्णता करून टाकतो. नऊ वॅटचा चांगला एलईडी दिवा सुमारे नऊशे ल्युमेन देतो. रोज पाच तास जळणारा साठ वॅटचा बल्ब वर्षाकाठी ११० युनिट वीज खातो, तर एलईडी १६-१७ युनिटांवर भागवितो. म्हणजे एका दिव्यामागे वर्षाला ९३ युनिटांची बचत.

ही बचत कोणत्या दराने मोजावयाची, याबाबत मात्र सुशिक्षित घरांतही घोटाळा होतो. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारा सरासरी दर आपण गृहीत धरतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढणारे आहेत. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक आणि शंभरापुढच्या युनिटांचा जवळजवळ त्याच्या दुप्पट. वाचणारे युनिट हे नेहमी शेवटचे, म्हणजे सर्वांत महाग युनिट असते. वर्गात ज्याला आम्ही सीमान्त खर्च म्हणतो तो हाच. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घरी वाचलेल्या युनिटामागे सुमारे दहा रुपये धरले तर एका दिव्याचे वर्षाचे ९३० रुपये होतात. ऐंशी युनिटांत संसार भागविणाऱ्या घरी सहा रुपयांच्या हिशेबाने साडेपाचशेच्या पुढे जातात. शिवाय जुना बल्ब हजार तासांत जातो, तेव्हा वर्षाला दोन बल्ब लागणार ते वेगळेच. (हा हजार तासांचा आकडाही सृष्टिनियम नव्हे. १९२४ साली जिनिव्हा येथे जगातील बड्या दिवा-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणले, आणि त्याहून अधिक टिकणारा दिवा करणाऱ्या सभासदास दंड ठेवला होता.)

शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या वस्तूने वर्षात पाचशे ते नऊशे रुपये मिळवून द्यावेत, अशी दुसरी गुंतवणूक मध्यमवर्गीयाच्या वाट्याला सहसा येत नाही. मग उशीर का झाला?

गरीब माणूस महागडा दिवा टाळतो तो अडाणीपणामुळे, असे आपल्याकडील शिकल्यासवरलेल्यांचे आवडते अनुमान आहे. ते बरोबर नाही. २०१४ साली, ज्या वर्षी निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी केंद्र सरकारच्या विद्युत कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस’ या संस्थेला घाऊक खरेदीतसुद्धा एक एलईडी दिवा ३१० रुपयांस पडत होता. किरकोळ दुकानात तो त्याहून बराच महाग होता. तारेचा बल्ब दहा-पंधरा रुपयांना मिळे. ज्याच्या हाती शनिवारी मजुरी पडते आणि गुरुवारपर्यंत संपते, त्याने उजेडासाठी एकदम तीन-चारशे रुपये कोठून काढावयाचे? ते त्याने सावकाराकडून जबर व्याजाने काढले असते तरी हिशेबाने तो फायद्यातच राहिला असता. परंतु दिव्यासाठी कर्ज मागावयास कोणी जात नाही आणि गेला तर कोणी देत नाही. त्यातून दिवा महिन्याभरात गेला तर सगळेच पैसे पाण्यात. श्रीमंताला हा धोका पत्करता येतो, गरिबाला येत नाही. त्याचा पंधरा रुपयांचा बल्ब हा त्याच्या परिस्थितीत पुरेसा विचारपूर्वक केलेला व्यवहार होता. उजेडाचा भाव त्याला सर्वांत जास्त पडत होता, कारण दिव्याची किंमत त्याला सर्वांत कमी द्यावयाची होती.

भाडेकरूंची गोष्ट आणखी निराळी. ज्या खोल्यांना स्वतंत्र मीटर नाही आणि मालक दर दिव्यामागे, दर पंख्यामागे ठरावीक रक्कम घेतो, तेथे भाडेकरूने एलईडी लावला तर बचत मालकाची होते. मालक स्वतः दिवा बदलून देत नाही, कारण दिवा आणणे भाडेकरूचे काम. ज्याच्या हाती निर्णय त्याच्या हाती लाभ नाही, अशी ही रचना तालुक्याच्या गावी शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आजही आढळते.

हप्त्याची युक्ती

ही अडचण ओळखून काही प्रयत्न पूर्वीच झाले होते. सुमारे दोन दशकांपूर्वी महावितरणने नाशिक भागात सीएफएल दिवे बिलातील हप्त्यांवर देण्याचा प्रयोग केला. २००९ साली केंद्राने ‘बचत लॅम्प योजना’ काढली; तीत सीएफएल पंधरा रुपयांत मिळे आणि उरलेला खर्च आंतरराष्ट्रीय बाजारात कार्बनची पतपत्रे विकून काढावयाचा असे. पुढे त्या पतपत्रांचा भाव कोसळला आणि योजनेचा पायाच ढासळला. आपल्या खोलीतील उजेड दूरदेशीच्या सट्ट्यावर टांगून ठेवण्याचा हा धडा होता. तो पुरता शिकला गेला असे म्हणवत नाही. कारण २०२१ साली बिहारमधील आरा येथून सुरू झालेली, जुना बल्ब देऊन दहा रुपयांत एलईडी घेण्याची ‘ग्राम उजाला’ योजनाही याच पतपत्रांवर उभी होती.

जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेने, जिला पुढे ‘उजाला’ हे नाव मिळाले, वेगळा मार्ग धरला. कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र करून निविदा काढल्या आणि ग्राहकाकडून अनेक ठिकाणी सुरुवातीस दहा रुपये घेऊन बाकी रक्कम दरमहा दहा रुपयांप्रमाणे बिलातून वळती केली. हप्ता बचतीपेक्षा लहान असल्यामुळे घराच्या खिशातून प्रत्यक्षात काही गेलेच नाही. २०१६ पर्यंत घाऊक खरेदीचा भाव ३१० रुपयांवरून ३८ रुपयांवर आला. यांतील काही घसरण जगभर एलईडीचे सुटे भाग स्वस्त होत असल्यामुळे होणारच होती; सगळे श्रेय निविदांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण उत्पादकाला विक्रीची खात्री आणि ग्राहकाला बिनव्याजी उधारी, या दोन गोष्टी केवळ बाजारावर सोडून झाल्या नसत्या. एकट्या महाराष्ट्रात या योजनेतून दोन कोटींहून अधिक दिवे घराघरांत गेले.

योजनेला दहा वर्षे झाली तेव्हा सरकारने जे आकडे प्रसिद्ध केले त्यांकडे मात्र थोडे डोळसपणे पाहावयास हवे. देशभर सुमारे ३७ कोटी दिव्यांचे वाटप, वर्षाला ४,७८८ कोटी युनिटांची बचत आणि ऐन गर्दीच्या वेळच्या मागणीत साडेनऊ हजार मेगावॅटची घट, असे ते आकडे. हे मीटरवर मोजलेले आकडे नव्हेत, गृहीतांवरून काढलेले आहेत. भागाकार केला तर एका दिव्यामागे वर्षाला १३० युनिटांची बचत येते. ती खरी ठरण्यासाठी प्रत्येक दिव्याने साठ वॅटचा बल्ब हटविलेला असला पाहिजे, तो रोज सात तास जळला पाहिजे आणि २०१५ साली वाटलेला दिवा आजही तितक्याच तेजाने जळत असला पाहिजे. ज्या घरात सीएफएल काढून एलईडी लावला गेला तेथे बचत पाच-सात वॅटचीच होते. मोरीतला दिवा सात तास कोणी जाळीत नाही.

तरीही या आकड्यांतील मागणीच्या घटीला माझ्या मते सर्वाधिक महत्त्व आहे. ती सरकारी अंदाजाच्या निम्मी धरली तरी फार मोठी आहे. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि सायंकाळची मागणी पेलण्यासाठीच त्या पाण्याचा मुख्यतः उपयोग होतो. म्हणजे निम्म्या हिशेबानेही दोन कोयनांहून अधिक वीज ऐन सांजवेळी वाचते. या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. दहावी-बारावीची मुले कंदिलाशी अभ्यास करीत होती. आज सौर वीज दुपारी मुबलक होते, परंतु सूर्य मावळताच ती संपते आणि त्याच वेळी घरोघर दिवे लागतात. तेव्हा सायंकाळी वाचलेल्या युनिटाचे मोल दुपारच्या युनिटाहून कितीतरी अधिक आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो तो जेव्हन्सचा. इंग्लंडातील कोळशाविषयी १८६५ साली लिहिताना या अर्थशास्त्रज्ञाने दाखविले की यंत्रे कोळसा कमी खाऊ लागली की कोळशाचा एकूण खप वाढतो. उजेड स्वस्त झाला तर आपण तो अधिक उधळू, हा त्याचाच पाठ. नव्या सदनिकांतील खोट्या छतांत बसविलेले वीस-वीस दिवे पाहिले की जेव्हन्स आठवतो खरा. परंतु एकाच बल्बाखाली स्वयंपाक, शिवण आणि गणिते उरकणाऱ्या घरात दुसरा दिवा लागला तर त्याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

हमी कोणाची?

आता दुसरा प्रश्न. एलईडी दिवा वीस-पंचवीस हजार तास टिकतो असे खोक्यावर छापलेले असते. रोज पाच तासांप्रमाणे ही अकरा ते चौदा वर्षे झाली. घरोघरचा अनुभव असा नाही. वर्ष-दीड वर्षात दिवा लुकलुकू लागतो, मंद होतो किंवा जातो. बहुधा यात प्रकाश देणाऱ्या कणिकेचा दोष नसतो. वीजपुरवठ्याचे रूपांतर करून तिला बेताचा प्रवाह देणारे छोटेसे मंडल दिव्याच्या बुडाशी असते, ते आधी खलास होते. त्यातील कपॅसिटर उष्णतेने सुकतात. भाव उतरविण्याच्या स्पर्धेत पहिली काटछाट याच ठिकाणी होते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. उष्णता वाहून नेणारा धातू पातळ केला जातो. आणि आपणही तो दिवा बंद काचेच्या गोळ्यात बसवून त्याला अधिकच तापवितो. कमीजास्त दाबाच्या गावठाणातील लाइनवर त्याचे काय होत असेल ते सांगावयास नको.

भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आणि ऊर्जा-बचतीच्या ताऱ्यांचे लेबल या दोन्ही गोष्टी एलईडी दिव्यांना सक्तीच्या आहेत. तरीही २०१७ साली नील्सन या संस्थेने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद व हैदराबाद येथील दोनशे दुकानांची पाहणी केली, तेव्हा एलईडी बल्बांच्या ७६ टक्के छापांत ग्राहक-सुरक्षेचे नियम पाळलेले आढळले नाहीत. ही पाहणी बड्या उत्पादकांच्या संघटनेने पुढे केलेली होती, म्हणून ती थोडी बेतानेच घ्यावी. पण हातगाडीवर तीस रुपयांना मिळणारे बिननावाचे दिवे कोणीही पाहू शकतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला त्याचे हे घरगुती उदाहरण आहे. चांगला आणि वाईट माल विकत घेताना ओळखता येत नसेल तर ग्राहक चांगल्याचा भाव द्यावयास कचरतो, आणि चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो.

गंमत अशी की या फसवणुकीची तक्रार होत नाही. आठ महिन्यांत जाणारा तीस रुपयांचा एलईडीदेखील जुन्या बल्बापेक्षा वीज वाचवितोच. ग्राहकाला आपले नुकसान झाले असे जाणवतही नाही. परंतु तीन वर्षांत असे चार-पाच दिवे घेणाऱ्याने सव्वाशे-दीडशे रुपये खर्च केलेले असतात, आणि तेवढ्यात दोन-तीन वर्षांच्या हमीचा दिवा घेऊन वर पैसे उरले असते. गरिबाने पुन्हा स्वस्त दिवा घेऊन महाग उजेड विकत घेतला, एवढाच याचा अर्थ.

हमी कागदावर सर्वत्र आहे. ती वसूल करावयाची तर पावती हवी, आणि एका दिव्यासाठी पावती मागणारा ग्राहक विरळा, देणारा दुकानदार त्याहून विरळा. योजनेतील दिवे तात्पुरत्या मेजांवरून वाटले गेले. मेज उठल्यावर तीन वर्षांची हमी कोणाकडे मागावयाची, हे सामान्य माणसास कळणे कठीण. काही उत्पादक दिव्याच्या मानेवर महिने आणि वर्षे यांचा छोटा चौकोन छापतात. दुकानदाराने विक्रीच्या दिवशी त्यावर खूण करावयाची असते. व्यवस्था उत्तम आहे. हा चौकोन प्रत्येक दिव्यावर सक्तीने, उष्णतेने न पुसणाऱ्या छपाईत असावा, खूण नसल्यास हमी कारखान्यातून माल निघाल्याच्या महिन्यापासून ग्राह्य धरावी, आणि खूण असलेला दिवा त्या छापाचा माल ठेवणाऱ्या कोणत्याही दुकानदाराने पावतीवाचून बदलून द्यावा, एवढा नियम करावयास नवीन कायदाही लागू नये. त्याबरोबर मानक ब्यूरोने गावोगावच्या आठवडी बाजारांतून दिवे उचलून तपासावेत आणि नापास झालेल्या छापांची नावे मराठी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावीत. तोवर आपल्या हाती उरते ते इतकेच की दिवा घेताना खोक्यावर वॅटशेजारी ल्युमेनचा आकडा पाहावा, दुकानदाराकडून मानेवर तारीख घालून घ्यावी, आणि ती खूण शाईच्या पेनाने केलेली असेल तर घरी येऊन खिळ्याच्या टोकाने पुन्हा कोरून ठेवावी, कारण शाई सहा महिन्यांत उडून जाते.