लेखनपूर्व भाषासंपर्काचा पुरावा : तोखारी-उराली प्रश्न आणि वर्धा परिसरातील मराठी-द्राविड संबंध

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर अभयारण्याच्या वाटेवर हिंगणी हे गाव वसलेले आहे. हिंगण नावाच्या काटेरी झाडाशी या ग्रामनामाचे नाते सहज जोडले जाते आणि हिंगणघाट, हिंगणा ही नावेही त्याच पंक्तीत बसविली जातात. तथापि केवळ ध्वनिसाम्य हा भाषाशास्त्रात पुरावा ठरत नाही. या जिल्ह्यात इंडो-आर्य कुळातील मराठीच्या शेजारी गोंडी व कोलामी या द्राविड कुळातील भाषा दीर्घकाळ नांदल्या आहेत. हा शेजार लिखित साधनांच्याही पूर्वीचा असेल, तर तो सिद्ध कसा करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तोखारीचे उदाहरण

असाच प्रश्न मध्य आशियात तोखारी भाषेबाबत उपस्थित झाला आहे. तारीम खोऱ्यात सापडलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील हस्तलिखितांमधून ही भाषा ज्ञात झाली. झीग व झीगलिंग या जर्मन विद्वानांनी १९०८ मध्ये ती इंडो-युरोपीय कुळातील असल्याचे दाखवून दिले. मात्र तिचे रूप या कुळात विलक्षण वाटते. मूळ भाषेतील स्पर्शव्यंजनांचे घोष-अघोष भेद तोखारीत लोपले आणि प, त, क एवढीच अघोष मालिका उरली. संस्कृत ‘मधु’ शब्दाचा सगोत्र शब्द तोखारीत ‘मित’ असा आहे. येथे ‘ध’चा ‘त’ झालेला स्पष्ट दिसतो. मूळ उराली भाषेतही स्पर्शव्यंजनांची एकच मालिका मानली जाते. या व अशा अन्य साम्यांच्या आधारे मिखाएल पेरो यांनी २०१९ मध्ये तोखारीच्या वेगळेपणामागे उराली अधःस्तर असावा, असे प्रतिपादन केले. गंमत अशी की मधाचा शब्द उराली भाषांनीही इंडो-युरोपीयांकडूनच घेतला आहे. फिनिशमधील ‘मेसी’ व हंगेरियनमधील ‘मेझ’ हे त्याचेच अवशेष होत.

तोखारीत नामाच्या सामान्यरूपाला विभक्तीचे प्रत्यय जोडले जातात आणि एकवचनात व अनेकवचनात प्रत्यय तोच राहतो. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. ‘घराहून’ व ‘घरांहून’ या रूपांत ‘-हून’ बदलत नाही. परंतु मराठीतील ही रचना जुने विभक्तिप्रत्यय झिजल्यानंतर उभी राहिली आणि हिंदीसारख्या भगिनीभाषांतही तिचे प्रतिरूप आढळते. म्हणजेच दोन भाषांतील एखादे रचनासाम्य स्वतंत्रपणेही घडू शकते. अधःस्तराच्या सिद्धान्ताचे दुबळे स्थान नेमके येथेच आहे.

मराठीतील साक्षी

शब्दांची साक्ष त्या मानाने अधिक ठोस असते. ‘नांगर’ हा शब्द पाहावा. संस्कृतमध्ये ‘लाङ्गल’ हे रूप ऋग्वेदापासून आढळते. तमिळमध्ये ‘नाञ्चिल्’, कन्नडमध्ये ‘नेगिलु’ ही रूपे आहेत. मुंडा भाषांतही त्याचे नातलग सापडतात. हा शब्द इंडो-आर्य भाषांनी भारतभूमीतच स्वीकारला, याबाबत अभ्यासकांचे बहुतांशी एकमत आहे. तो प्रथम कोणाचा, याबाबत मात्र नाही. ‘तूप’ हा शब्द हेमचंद्राने बाराव्या शतकात देशीनाममालेत ‘तुप्प’ असा नोंदविला. कन्नडमध्ये तो आजही ‘तुप्प’ असाच आहे. पाण्याला तमिळमध्ये ‘नीर्’, कोलामीत ‘ईर’ व गोंडीत ‘एर’ म्हणतात. मराठी काव्यातील ‘नीर’ संस्कृतमार्गे आला असला, तरी त्याचे मूळ अनेक विद्वान द्राविडच मानतात.

वाक्यरचनेच्या पातळीवर ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद महत्त्वाचा आहे. श्रोत्याला वगळणारे व सामावणारे असे दोन ‘आम्ही’ तमिळमध्ये ‘नाङ्गळ्’ व ‘नाम्’ या रूपांत, तर तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ या रूपांत आढळतात. गुजरातीतही हा भेद आहे. हिंदीत मात्र तो रुजला नाही. ‘पाऊस पडेल म्हणून तो थांबला’ यातील ‘म्हणून’ची घडण तेलुगूतील ‘अनि’शी जुळते, कारण दोन्ही शब्द ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासून झाले आहेत. यावर संस्कृतातील ‘इति’कडे बोट दाखविले जाते आणि तो आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘ळ’चे उदाहरण तर हिरिरीने दिले जाऊ नये. तो गुजराती, पंजाबी व ओडियातही आहे.

या सर्व साम्यांकडे एमेनो यांनी १९५६ मध्ये ‘भाषिक क्षेत्र’ या संकल्पनेतून पाहिले. साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये याहून पुढे जाऊन मराठीच्या घडणीत संकरभाषेची अवस्था असावी, असे सुचविले. विश्वनाथ खैरे यांनी मराठी, संस्कृत व तमिळ यांच्या एकत्र अभ्यासाचा आग्रह धरला. साउथवर्थ यांचे मत सर्वमान्य झाले नाही. मात्र मराठी ही संस्कृतची सरळ कन्या, या सोप्या वंशावळीला त्याने धक्का दिला, हे मान्य करावे लागते. विदर्भातील लोहयुगीन शिलावर्तुळांचा या वादात वारंवार उल्लेख होतो. परंतु दगडांना भाषा नसते. त्या वर्तुळांत पुरलेली माणसे कोणती बोली बोलत होती, हे उत्खननातून कळणे शक्य नाही.

कोलामीचे स्थान

म्हणून जिवंत बोलींच्या साक्षीचे मोल अधिक. एमेनो यांचा १९५५ चा कोलामीवरील ग्रंथ प्रामुख्याने वर्धा जिल्ह्यातील बोलीवर आधारलेला आहे आणि द्राविड तौलनिक अभ्यासात त्याचा आजही आधार घेतला जातो. त्या नोंदींतही मराठी शब्दांचा मोठा भरणा आढळतो. म्हणजे संपर्काचा प्रवाह दुहेरी आहे : एके काळी द्राविड भाषांकडून मराठीकडे, आणि अलीकडे मराठीकडून कोलामीकडे. दोन्ही थर वेगळे करण्यासाठी मराठीने न व्यापलेली कोलामी हाताशी असावी लागते. २०११ च्या जनगणनेत कोलामी भाषकांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. तोखारी लुप्त झाली तरी तिची हस्तलिखिते वाळवंटात टिकली. कोलामीला लेखनाची जुनी परंपरा नाही. घरात मराठी बोलणाऱ्या कोलाम मुलाच्या तोंडून ‘ईर’ऐवजी ‘पाणी’ येते, तेव्हा तौलनिक अभ्यासाच्या हाती उरतात त्या केवळ १९५५ पूर्वी टिपलेल्या नोंदी.