जुना संगणक, नव्या संगणकाच्या आत

आजचा विषय ठरवताना आम्हाला फार विचार करावा लागला नाही. धाकटी डहाणूत बसून बोलतोय, बाहेर बोटी किनाऱ्याला ओढून ठेवल्यात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. संस्थेच्या कचेरीतला संगणकही या दोन महिन्यांत जरा मोकळा असतो, कारण डिझेलची पावती फाडायची नसते. आज जे सांगणार आहोत ते काम करायला हाच काळ बरा. एकच वाईट, याच दिवसांत हवा सर्वात दमट असते आणि वीज सर्वात जास्त जाते.

या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार संस्थेचा संगणक काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आला. नाव सांगत नाही. विंडोज एक्सपी, 40 जीबीची हार्ड डिस्क, आणि त्यावर फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम. सभासदांचे भाग, बोटींची नोंद, कोणत्या बोटीने किती डिझेल उचललं, कराचा परतावा कुणाला किती आला, सगळं त्यात. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच गाव सोडून गेलेला. छापील पावत्यांवर अजून ‘जिल्हा ठाणे’ येत होतं; पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, पण ते बदलायचं कुठे हे कुणाला माहीत नव्हतं. त्याच वर्षी 8 एप्रिलला मायक्रोसॉफ्टने एक्सपीला अपडेट देणं बंद केलं, हेही नव्हतं माहीत.

संगणक बंद पडला तर काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. एखाद्या मावशी येतात, नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, त्याचे भाग आपल्या नावावर करायचे असतात. तेव्हा जुनी नोंद लागते. आणि इथे तर आणखी एक गोष्ट आहे. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याबद्दल ज्याचं मत जे असेल ते असो, पण उद्या कुणी विचारलं की तुमच्या किती बोटी होत्या, 2006 साली कुणी किती डिझेल घेतलं, तर तोंडी उत्तर चालणार नाही.

पहिल्यांदा आम्ही जे केलं ते चुकीचं होतं. डेटाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि नव्या लॅपटॉपवर उघडल्या. आकडे बरोबर, नावं मात्र सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. कारण सोपं आहे. आज आपण फोनवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये, म्हणजे ‘क’ ला जगभर एकच क्रमांक. त्या काळच्या फॉण्टांत मात्र अक्षराचे तुकडे, म्हणजे अर्धा क, काना, वेलांटी, हे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत वेगळी. तो फॉण्ट, तो कीबोर्डचा प्रोग्रॅम, तो हिशेबाचा प्रोग्रॅम आणि त्याखालचं विंडोज, हे चारही एकत्र असले तरच नाव वाचता येतं. म्हणून फाइली नव्हे, अख्खा संगणकच उचलायचा.

अख्खा संगणक उचलायचा म्हणजे नेमकं काय? हार्ड डिस्क ही 512 बाइटच्या खणांची लांबच लांब ओळ असते. 40 जीबीच्या डिस्कवर असे 7 कोटी 81 लाखांहून जास्त खण. हे सगळे खण पहिल्यापासून शेवटपर्यंत, रिकामे धरून, एका फाइलीत उतरवले की त्या फाइलीला म्हणायचं इमेज. मग नव्या संगणकावर एक प्रोग्रॅम चालवायचा, जो खोटा मदरबोर्ड, खोटं नेटवर्क कार्ड, खोटी डिस्क उभी करतो आणि ती इमेज त्या खोट्या डिस्कच्या जागी लावतो. आतलं विंडोज सुरू होतं आणि त्याला वाटतं आपण खऱ्या मशीनवर आहोत. हे आभासी मशीन. कल्पना नवी नाही. आयबीएमने 1972 मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/370 विकायला काढलं होतं. आपल्या टेबलावरच्या संगणकावर हे 1999 मध्ये व्हीएमवेअरने आणलं. आम्ही वापरतो ते व्हर्च्युअलबॉक्स, कारण त्याचा मूळ प्रोग्रॅम मोफत आहे.

आता डिस्क उतरवण्याबद्दल. इथे घाई नको. आमची दुसरी चूक इथलीच: डिस्कमधून कट-कट आवाज येत होता, तरी ‘चालू होते का बघू’ म्हणून मशीन चार वेळा सुरू केलं. आजारी डिस्कचं प्रत्येक सुरू होणं हा तिच्या उरलेल्या आयुष्यातला खर्च असतो. आवाज ऐकला की मशीन बंद करा, डिस्क बाहेर काढा. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात, त्या स्पिरिटने हलक्या हाताने पुसून घ्या. मग आयडीई-ते-यूएसबी अडॅप्टर लावून ती दुसऱ्या संगणकाला जोडा, पण तो संगणक पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर सुरू केलेला हवा, आणि जुनी डिस्क लिनक्समध्येही माउंट करायची नाही. चालू विंडोजला जोडलीत तर विंडोज न विचारता तिच्यावर लिहायला लागतं.

उतरवायला डीडीरेस्क्यू वापरा. साधी कॉपी खराब खणापाशी अडकून बसते. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग भराभर उचलतो, खराब जागा मॅप फाइलीत टिपून ठेवतो आणि शेवटी परत येऊन तिथे प्रयत्न करतो. वीज गेली तरी त्या मॅपवरून पुढे चालू होतो, आणि इकडे वीज जातेच. निरोगी डिस्क तासाभरात उतरते. आमची रात्रभर चालली. आणि हो, इमेज ज्या डिस्कवर ठेवाल ती फॅट32 नको, त्यात 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही. हे कळेपर्यंत आमचा एक दिवस गेला.

काही डझन खण वाचलेच नाहीत. ते नेमके एका वर्षाच्या खतावणीत होते. तेवढ्या सभासदांची पासबुकं मागवून आकडे परत भरावे लागले. कारकून काकांनी ते काम केलं, संगणकाने नाही.

इमेज तयार झाली की व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वरूपात बदलून घ्यायची, आणि नवं मशीन बनवून तिला जोडायची. आणि बहुतेक वेळा काय होतं? निळा पडदा, शेवटी 7बी. इथे पुष्कळ लोक हार मानतात, म्हणून जरा थांबू.

जुन्या बोटीचं इंजिन काढून नव्या बोटीत ठेवलंत तर इंजिन तेच असतं, पण बैठकीची भोकं जुळत नाहीत. एक्सपीचं तसंच. डिस्कशी बोलायला कोणता ड्रायव्हर लागतो हे त्याने पहिल्या दिवशी लिहून ठेवलेलं असतं. नव्या मशीनमधला डिस्कचा कंट्रोलर वेगळा निघाला की विंडोज अर्धं सुरू होतं आणि आपलीच डिस्क त्याला सापडेनाशी होते. त्यासाठी आभासी मशीनला साटा न देता आयडीई कंट्रोलर द्या, पीआयआयएक्स4 प्रकारचा. एक्सपीच्या पोटात साटाच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नसतोच. तरी अडलं, तर रजिस्ट्रीत साध्या आयडीई ड्रायव्हरच्या नोंदी घालाव्या लागतात. हे जुनं मशीन धड चालू असतानाच, डिस्क उतरवण्याआधी केलं तर पाच मिनिटांचं काम. नंतर करायचं तर एक्सपीच्या सीडीवरून दुरुस्तीचं इन्स्टॉल. जुन्या मशीनला एकच प्रोसेसर होता तर आभासीलाही एकच द्या. जुनं इंटेलचं आणि नवं एएमडीचं असेल तर इंटेलपीपीएम नावाची सेवा बंद करा, नाहीतर दुसरा निळा पडदा. आणि व्हर्च्युअलबॉक्स सुरूच होत नसेल तर नव्या संगणकाच्या बायोसमध्ये जा; व्हर्च्युअलायझेशनची सोय अनेकदा तिथे बंदच असते.

सुरू झालं की विंडोज म्हणेल, हार्डवेअर बदललंय, तीन दिवसांत पुन्हा ऍक्टिव्हेट करा. मशीनबरोबर आलेला परवाना त्या मशीनपुरताच असतो, हे स्पष्ट सांगतो; संस्थेने वेगळा घेतलेला परवाना असेल तर त्याचे कागद शोधून ठेवा.

नेटवर्क कार्ड मात्र काढून टाका. आतल्या एक्सपीला इंटरनेटची गरज नाही, आणि मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जुन्या विंडोजचं काय केलं ते आठवा. पावत्या बाहेर काढायला एक शेअर केलेला फोल्डर पुरतो.

एक फायदा लगेच दिसला. जुन्या मशीनची सीआर2032 बॅटरी मेलेली, त्यामुळे रोज सकाळी तारीख हाताने घालावी लागे. विसरले की पावतीवर भलतंच साल. आभासी मशीन तारीख बाहेरच्या संगणकाकडून घेतं.

प्रश्न आलाय: ‘मागे प्रिंटरच्या पोर्टला एक छोटं कुलूप लावलंय, त्याशिवाय मराठी सॉफ्टवेअर उघडत नाही, त्याचं काय?’ चांगला प्रश्न. कुलूप यूएसबीचं असेल तर सोपं, ते आतल्या मशीनला जोडून देता येतं. पॅरलल पोर्टचं असेल तर अवघड. यूएसबीचं पॅरलल अडॅप्टर प्रिंटरला चालतं, कुलपाला बहुधा नाही. खरं पॅरलल पोर्ट असलेला संगणक शोधा, किंवा बनवणाऱ्या कंपनीला यूएसबीचं कुलूप बदलून मागा. आणि ते होईपर्यंत जुनं कुलूप हरवू नका, प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

आणखी एक: ‘जुना डबा भंगारात द्यायचा का?’ लगेच नाही. मार्चअखेरचा एक ताळेबंद दोन्हीकडे काढा, प्रत्येक सभासदाची शिल्लक जुळवा, ऑडिट होऊ द्या. डबा द्याल तेव्हा डिस्क काढून ठेवा, तिच्यात सभासदांची नावं आहेत.

शेवटचा प्रश्न, ‘इमेजची कॉपी कुठे ठेवायची?’ निदान तीन प्रती. एक कचेरीत, एक अध्यक्षांकडे, आणि एक किनाऱ्यापासून लांब, कुणाचा मुलगा पालघरला किंवा वसईला असेल त्याच्या कपाटात. व्हर्च्युअलबॉक्समधला स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. दर महिन्याला मशीन बंद करून फाइल पुन्हा कॉपी करायची. आमच्या त्या संस्थेत हे काम कारकून काकांच्या नातीकडे आहे, आणि ती ते अमावास्येला करते, म्हणजे तारीख लक्षात राहते.