‘रॉक बॉक्स’ : एका तबकडीची ओळख

रॅप म्हटले की आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. कोणी म्हणतो, हे गाणेच नव्हे, नुसती बडबड. कोणी त्याला अमेरिकेची नक्कल म्हणून निकालात काढतो. मत बनविण्यापूर्वी मूळ वस्तू पाहावी, या हेतूने १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या एका तबकडीची ओळख येथे करून देत आहे. तिचे नाव ‘रॉक बॉक्स’ आणि गाणारे ‘रन-डीएमसी’.

प्रथम थोडा इतिहास. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या कार्यक्रमात तबकड्या वाजविल्या. हिपहॉपचा आरंभ तेथून मानतात. गाणारे थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्यावर नाचणारे अधिक रंगतात, हे हर्कने हेरले होते. तो तुकडा काही सेकंदांचाच असे. पुढे त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच लावायचा आणि तोवर पहिलीची सुई मागे न्यायची. असा ताल अखंड झाला. त्यावर यमके जुळवीत बोलणे म्हणजे रॅप. ठेका चांगला असला की तबकडी कोणाची, हे ही मुले पाहत नसत. एरोस्मिथ या गोऱ्या रॉकवृंदाच्या १९७५ सालच्या ‘वॉक धिस वे’चा आरंभीचा ठेका त्यांच्या आवडीचा होता. म्हणजे रॅप आणि रॉक यांची गाठ आधी रस्त्यावरच पडली होती.

‘रॉक बॉक्स’ने ती गाठ तबकडीवर पक्की केली. जोसेफ सिमन्स आणि डॅरिल मॅकडॅनियल्स हे गाणारे, तर जेसन मिझेल तबकड्या फिरविणारा. तिघेही क्वीन्समधील हॉलिस वस्तीतले. निर्माते लॅरी स्मिथ व रसेल सिमन्स. ताल यंत्राचा, ठोक्याला ठोका देणारा, आणि त्यावर एडी मार्टिनेझची करकरीत विद्युत-गिटार. एकाने ओळ अर्ध्यावर सोडावी, दुसऱ्याने पुरी करावी. आपल्या पोवाड्यातील शाहीर व झीलकरी आठवावेत! ही तबकडी बारा इंची होती. एवढ्या जागेत एकदोनच गाणी असल्याने खाचा रुंद कापता येतात व खर्जाचा आवाज दणदणीत निघतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील भोसरीत प्रेस-शॉपमध्ये आहेत. त्या यंत्राच्या ठोक्याची ओळख असल्यामुळे असेल, हा ताल मला परका वाटला नाही. पण मला खरा प्रश्न भाषेचा वाटतो. वर्गात बोलताना मी घरचे ‘नव्हं’ गिळून ‘नाही’ म्हणतो. वरच्या जागी जायचे, तर आपली बोली दाराबाहेर ठेवावी लागते काय?

त्या काळी एमटीव्ही ही वाहिनी मुख्यतः गोऱ्यांचे रॉकसंगीत दाखवीत असे. ‘रॉक बॉक्स’ची चित्रफीत तेथे झळकलेल्या अगदी पहिल्या रॅप-चित्रफितींपैकी एक. गिटारमुळे दार उघडले, हे खरे. परंतु आत शिरताना या मुलांनी बोली बदलली नाही, की वस्तीतला पोशाखही बदलला नाही. काळ्या टोप्या, बिननाडीचे बूट, तसेच राहिले. शिवाय गिटार तरी उसनी कशी म्हणावी? चक बेरीसारख्या कृष्णवर्णीय कलावंतांनीच रॉकचा पाया घातला होता. त्यांच्या पहिल्या संग्रहाच्या पाच लाख प्रती खपल्या. १९८६ साली एरोस्मिथच्या दोघांसह त्यांनी ‘वॉक धिस वे’ पुन्हा गायिले. मूळ गाणे अमेरिकेच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेले होते, हे चौथ्यापर्यंत पोचले.

आपल्याकडे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपले नाव शंभराचा आकडा घालून लिहितो, कारण सौ म्हणजे शंभर. २०२३ साली तो एमटीव्हीच्याच ‘हसल’ या रॅपस्पर्धेत उतरला, आणि मराठी घेऊन उतरला. नक्कल करायचीच, तर ती कशाची करावी, हे त्याला उमगले असावे. पुण्यात जुन्या बाजारापाशी शाहीर अमर शेखांच्या नावाचा चौक आहे. डफावर लोकांची भाषा बोलणाऱ्यांची आपली परंपरा जुनी आहे. आमच्या कारखानपट्ट्यात बीड, लातूर, सोलापूरकडच्या कितीतरी बोली एका पाळीत काम करतात. त्यांचे रॅप अजून व्हायचे आहे. ते करणाऱ्याने ‘नव्हं’ला ‘नव्हं’च म्हणावे, एवढेच माझे म्हणणे.